राजाचा पाऊस

नगर जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांमधून मी तीस-बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. उच्चार सारखा पण अर्थ निराळा अशा इंग्रजी शब्दांवर आकाशवाणीवर बोलाल का, असं विचारलं गेलं तेव्हा मी चटकन हो म्हणालो. घरी येऊन टिपणं काढायला बसलो आणि अडचण लक्षात आली. रेडिओवर फळा नसतो. मी 'रेन' म्हटलं, तर मी कोणता रेन म्हणतोय हे श्रोत्यांना कळावं कसं? मग वाटलं, माझी ही अडचण पंधरा मिनिटांची आहे. आमच्या मुलांना ती वर्षानुवर्षं सोसावी लागते. शब्द त्यांना आधी कानाने भेटतो, आणि परीक्षा मात्र लेखी असते.

त्या 'रेन'पासूनच सुरुवात करतो. कारण माझ्या हातून झालेली एक चूक याच शब्दाशी जोडलेली आहे.

१९८० च्या आसपासची गोष्ट. पारनेर तालुक्यातली एक शाळा, आठवीचा वर्ग. श्रावण सुरू होता, पण आभाळात ढगाचं नाव नव्हतं. मी डिक्टेशन घालत होतो. वाक्य होतं, 'द किंग्ज रेन वॉज लाँग.' म्हणजे राजाची कारकीर्द दीर्घ होती. वह्या तपासताना एका मुलाने रेनचं स्पेलिंग आर, ए, आय, एन असं केलेलं दिसलं. म्हणजे पाऊस. मला हसू आलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी ती वही उंच धरून वर्गाला म्हणालो, "बघा रे, याच्या राजाचा पाऊस लांबलाय!" वर्ग खो खो हसला. मुलगा खाली मान घालून बसला. पुढे दोन वर्षं त्याने माझ्या तासाला एकदाही हात वर केला नाही. दहावीला इंग्रजीत राहिला आणि शाळा सुटली.

त्या वेळी मला वाटलं होतं की चूक त्याची आहे. पुढे शब्दांचा इतिहास थोडाफार वाचनात आला, तेव्हा कळलं की त्याने काही वावगं लिहिलं नव्हतं. जे ऐकलं तेच त्याने लिहिलं होतं.

आता गंमत पाहा. इंग्रजीत 'रेन' उच्चाराचे तीन शब्द आहेत. पहिला पाऊस, आर, ए, आय, एन. दुसरा घोड्याचा लगाम, आर, ई, आय, एन. तिसरा राज्य किंवा कारकीर्द, आर, ई, आय, जी, एन. कानाला तिन्ही एकच. पण तिघांची घराणी वेगवेगळी. पाऊस हा मूळचा इंग्रजांचा, जर्मन भाषेच्या कुळातला. जुन्या इंग्रजीत तो 'रेग्न'सारखा लिहीत आणि त्यातला 'ग' उच्चारातही होता. पुढे उच्चारातला 'ग' विरला आणि लिहिण्यातूनही गेला. लगाम आला फ्रेंचांकडून. त्याचं मूळ लॅटिनमध्ये 'मागे धरून ठेवणे' अशा अर्थाच्या क्रियापदात आहे. राज्याचा रेनही फ्रेंचमार्गेच आला, पण त्याचं लॅटिन मूळ 'रेग्नम'. लेखनिकांना त्या लॅटिन मुळाचा अभिमान, म्हणून तिथला 'जी' त्यांनी जपून ठेवला. तो बोलत नाही, नुसता बसून असतो. हा 'रेग्नम' आणि आपला संस्कृत 'राजन्' हे एकाच कुळातले. आपल्या मुलाला हे सांगितलं, की बाबा, या मुक्या 'जी'वाल्या रेनमध्ये आपला राजा लपलाय, तर तो ते स्पेलिंग विसरेल का? मी ते सांगितलं नव्हतं. मलाच ठाऊक नव्हतं.

आणि आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगायला हे तीन रेन पुरेसे आहेत. १४९० मध्ये मलिक अहमदने बहामनी फौजेचा पराभव केला आणि त्या विजयाच्या जागेवर पुढे नगर शहर वसलं. ही निजामशाहीची कारकीर्द, म्हणजे 'जी'वाला रेन. चांदबिबीने किल्ला लढवला, १६०० मध्ये तो मोगलांकडे गेला, आणि तरीही मलिक अंबरने घोडदळाच्या गनिमी काव्यावर निजामशाही पंचवीस वर्षं तगवून धरली. हा लगामाचा रेन. १७०७ मध्ये औरंगजेबाने शेवटचा श्वास घेतला तो नगरजवळच, भिंगारला. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीचा शेवट इथे झाला. राहिला पावसाचा रेन. तो मात्र इथे कुणाच्याच राज्यात पुरेसा पडला नाही. अकोल्याचा डोंगराळ भाग सोडला तर जिल्ह्याचा बराचसा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. तेव्हा दुष्काळी गावच्या पोराच्या मनात 'रेन' म्हटल्यावर आधी कोण येणार, राजा की पाऊस?

एक प्रश्न मुलं नेहमी विचारायची. "सर, उच्चार एकच तर स्पेलिंग वेगळं कशाला?" त्याचं उत्तर इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन फ्रेंचांनी इंग्लंड जिंकलं. तीनेक शतकं दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन आणि शेतात इंग्रजी अशी वाटणी राहिली. तिन्हींचे शब्द एका भाषेत येऊन पडले. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि स्पेलिंग हळूहळू ठरून जाऊ लागलं. पण नेमक्या त्याच काळात इंग्रजांचे उच्चार बदलत होते, आणि पुढेही दोन-अडीचशे वर्षं बदलत राहिले. म्हणजे खिळे जुळले आणि जीभ पुढे निघून गेली.

'नाइट' घ्या. एक रात्र, एक सरदार. सरदाराच्या नाइटमध्ये सुरुवातीला 'के' आहे. तो शोभेला नव्हता, पूर्वी लोक 'क्नि' असा उच्चार करत. दोन्ही नाइटमध्ये जे 'जी एच' आहे, तोही पूर्वी घशातून काढलेला 'ख'सारखा आवाज होता. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे आवाज बहुतेक ठिकाणी गेले आणि दोन नाइट एक झाले. 'राइट'चंही तसंच. लिहिणे या अर्थाच्या राइटमध्ये आरंभीचा 'डब्ल्यू' उच्चारला जाई. बरोबर या अर्थाच्या राइटमध्ये तो घशातला 'ख' होता. हा दुसरा राइट आपल्या 'ऋजु' या शब्दाच्या नात्यातला, ऋजु म्हणजे सरळ. तिसरा राइट म्हणजे धार्मिक विधी, तो लॅटिनमधून आला. मांसाचा 'मीट' आणि भेटीचा 'मीट' हेही पूर्वी वेगळे ऐकू येत. समुद्राचा 'सी' आणि पाहण्याचा 'सी' यांचंही तेच. म्हणून इंग्रजी स्पेलिंग म्हणजे जुन्या उच्चारांचं दप्तर आहे, असं मी पुढच्या वर्गांना सांगू लागलो. जुना सातबारा पाहिला की कुणाची जमीन कुणाकडून आली ते कळतं, तसं.

आपल्याकडे याच्या उलट आहे. देवनागरीत उच्चार सारखा तर लेखन बहुधा सारखंच. 'वर' म्हणजे नवरदेव, 'वर' म्हणजे देवाने दिलेला, आणि 'वर' म्हणजे माळ्यावर. 'कर' म्हणजे हात, 'कर' म्हणजे सरकारचा, आणि आई म्हणते तो 'अभ्यास कर'. हार गळ्यातही पडतो आणि निवडणुकीतही होते. आपण कधी गोंधळतो का? नाही, कारण शेजारचे शब्द अर्थ सांगतात. दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर या जोड्यांत मात्र ऱ्हस्व-दीर्घाची परीक्षा असते आणि तिथे आपलेही भले भले अडखळतात. कधी उलटही घडतं. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' लिहायला एकच, पण पहिल्यातला 'ज' आपण दाताजवळून काढतो आणि दुसऱ्यातला टाळूवरून. हा फरक मराठी मुलाला कुणी शिकवत नाही, तो आईकडून येतो. इंग्रजी मुलाचं तसंच. तो आधी बोलायला शिकतो, मग लिहायला. आमच्या मुलाने ती भाषा घरात ऐकलेलीच नसते.

आता ही भाषा नगरला आली कधी, तेही पाहू. डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं घातलं. १८३९ मध्ये मिस सिंथिया फरार मुंबईहून इथे आल्या आणि १८६२ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत मुलींना शिकवत राहिल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुले यांनी नगरला येऊन पाहिल्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते फरारबाईंकडे, असं चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चा. त्यात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. ज्यांना संस्कृतची दारं बंद होती त्यांना ही भाषा मोकळी वाटली, हे विसरून चालणार नाही. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' नगरहूनच निघू लागला आणि पुढे त्यात मराठीशेजारी इंग्रजी मजकूरही येऊ लागला. मराठी व्याकरणाचा पाया घालणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर काही काळ नगरला डेप्युटी कलेक्टर होते. १८३६ मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. या सगळ्या मंडळींनी कोशांशिवाय, ध्वनिफितींशिवाय केवढी खटपट केली असेल, याची कल्पना करा.

पण ऐकण्यात चुकायचे ते काही आपलेच लोक नव्हते. साहेबाचा कानही काही कमी नव्हता. नगरचा मोहरम आजही प्रसिद्ध आहे. कोठल्यातून बारा इमामांच्या सवाऱ्या निघतात आणि हिंदू-मुसलमान दोघेही त्यात असतात. हिंदुस्थानातल्या अशाच मोहरमच्या मिरवणुकांत 'या हसन, या हुसेन' असा घोष गोऱ्या शिपायांनी ऐकला. त्यांच्या कानाला तो परका. त्यांनी तो आपल्या ओळखीच्या नावांत बसवला आणि म्हणू लागले, 'हॉब्सन-जॉब्सन'! हेनरी यूल आणि बर्नेल यांनी हिंदी-इंग्रजी सरमिसळीच्या शब्दांचा मोठा कोश केला, तो १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला त्यांनी नाव दिलं तेच, 'हॉब्सन-जॉब्सन'. परका शब्द ओळखीच्या शब्दासारखा ऐकणे या प्रकाराला इंग्रजीत आजही हेच नाव आहे. आता बघा, शोकाच्या घोषाचं असं वेडंवाकडं रूप करणाऱ्या गोऱ्या शिपायांना कुणी नापास केलं नाही. उलट त्यावर ग्रंथ झाला. आमच्या मुलाने पावसाचा रेन लिहिला तर त्याला शून्य.

सारख्या उच्चाराचा सगळ्यात नगरी शब्द म्हणजे 'टँक'. आपल्या गडांवर खडकात खोदलेली पाण्याची टाकी असतात, अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर तर पुष्कळ आहेत. हे आपलं टाकं. कोशकारांचं मत असं की पश्चिम हिंदुस्थानातला हा शब्द आणि पोर्तुगीजांचा तळ्यासाठीचा 'तांक' यांच्या मेळातून इंग्रजीतला 'टँक' रुळला. पुढे पहिलं महायुद्ध आलं. इंग्लंडमध्ये साखळीच्या चाकांवर चालणारं पोलादी यंत्र गुप्तपणे तयार होत होतं. बातमी फुटू नये म्हणून ते पाण्याच्या टाक्यांचं काम असल्याचं भासवण्यात आलं. तेच नाव त्याला चिकटलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ते यंत्र पहिल्यांदा रणात उतरलं, आणि तेव्हापासून टँकचे दोन अर्थ झाले. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराचं चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरला आलं. १९९४ मध्ये इथे रणगाड्यांचं संग्रहालय उघडलं. १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन तिथे उभा आहे. म्हणजे सह्याद्रीच्या कड्यावरून गेलेलं आपलं टाकं जगाची फेरी करून रणगाडा होऊन नगरला परत आलं, असं म्हणायला हरकत नाही. मराठीने मात्र हुशारी केली. पाण्याची ती टाकी आणि लढाईचा तो रणगाडा, असे दोन शब्द ठेवून घोटाळाच मिटवला.

किल्ल्याकडे वळलो की दुसरा शब्द भेटतो, 'सेल'. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीतले नेते नगरच्या किल्ल्यात बंदिवासात ठेवले गेले. नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव असे बाराजण. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ मध्ये याच किल्ल्यात लिहिलं. कोठडीला इंग्रजीत सेल म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहान खोली. मठातल्या साधूची खोली ती सेल, मधमाशीच्या पोळ्यातला कप्पाही सेल. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप पाहिला, त्यात तसेच कप्पे दिसले, म्हणून पेशीलाही सेल. मग बॅटरीचा सेल आला, आणि मोबाइललाही काही देशांत सेल म्हणतात. याच्याशी अगदी जुळणारा उच्चार विकण्याच्या क्रियापदाचा. स्पेलिंग 'एस'पासून.

पण इथे एक खुलासा करायला हवा. साड्यांचा सेल हा वेगळा आहे. विक्री या अर्थाचा तो शब्द इंग्रज 'सेइल'सारखा लांबवून म्हणतो आणि तो जुळतो गलबताच्या शिडाशी. आपण मराठीत कोठडी, विकणे, विक्री आणि शीड या चौघांनाही एकाच 'सेल'मध्ये बसवतो. 'वेस्ट' असंच. वाया घालवणं आणि कंबर हे दोन वेस्ट इंग्रजाच्या कानालाही सारखे. पण पश्चिमेचा वेस्ट आणि बनियनचा वेस्ट त्याला वेगळे ऐकू येतात, कारण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे त्याचे दोन आवाज. आपल्याकडे 'व' एकच. म्हणजे इंग्रजीने दिलेल्या जोड्या आहेतच, त्यात आपल्या कानाने आणखी भर घातली. मराठी माध्यमाच्या मुलाचं ओझं दुप्पट असतं ते असं.

शिवाय दोन भाषांच्या सीमेवरही गमती आहेतच. 'बस' म्हटलं तर बसायचं, पुरे म्हणायचं, की एसटी पकडायची? 'मग' म्हणजे नंतर, आणि न्हाणीघरातलाही. 'नट' रंगभूमीवर असतो, तसा गॅरेजमध्ये बोल्टाबरोबरही. 'कट' पूर्वी फितूर लोक करायचे, आता चहाचा मिळतो. यात कुणाचं अडत नाही. आपण शेजारचा शब्द पाहतो आणि पुढे जातो. अलीकडे मोबाइलमध्ये बोललं की तो आपोआप लिहून देतो. तोही हेच करतो, आजूबाजूचे शब्द पाहून कोणता रेन ते ठरवतो. यंत्रालाही नुसता एकटा शब्द दिला तर त्याचा अंदाज चुकू शकतो. मग तेरा वर्षांच्या मुलाकडून आपण काय अपेक्षा ठेवायची?

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आमच्या वेळी ते पाचवीपासून होतं. आता मुलांच्या कानावर इंग्रजी पुष्कळ पडतं, ही चांगली गोष्ट आहे. पण कान आणि डोळा यांच्यातलं अंतर काही आपोआप भरून निघत नाही. ते शिक्षकालाच भरावं लागतं. नोकरीच्या उत्तरार्धात मी सुटे शब्द डिक्टेशनला घालणं बंद केलं. आधी अर्थ, मग वाक्य, मग शब्द. ऐकणे या 'हिअर'मध्ये कान म्हणजे 'इअर' लपलेला आहे, म्हणून तो ऐकण्याचा. इथे या अर्थाच्या दुसऱ्या 'हिअर'मध्ये कान नाही. त्यांचा या अर्थाच्या 'देअर'मध्ये वारस म्हणजे 'एअर' आहे, म्हणून तो मालकीचा. मुलं अशा खुणा विसरत नाहीत. चुकलेल्या मुलाला मी विचारू लागलो, "तुला काय ऐकू आलं?" बहुतेक वेळा त्याचं उत्तर बरोबर असायचं.

आता त्या मुलाविषयी. निवृत्तीनंतर एका उन्हाळ्यात एसटीची वाट पाहत फाट्यावर उभा होतो. पाण्याचा टँकर येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि वाकून नमस्कार केला. नाव सांगितलं तेव्हा ओळख पटली. टंचाईच्या गावांना पाणी पोहोचवण्याचं काम करत होता, दिवसाला तीन-चार खेपा. मला तालुक्याला सोडतो म्हणाला. मी शेजारी बसलो. थोडं अंतर गेल्यावर राहवलं नाही, म्हणालो, "अरे, तुझ्या त्या वहीवरून मी तुला हसलो होतो. माझं चुकलं." त्याला सगळं आठवत होतं. रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "सर, ते दुसरं रेन मी कधी वाचलंच नव्हतं. पहिलं पाठ होतं."

मी त्याला तेव्हा त्या मुक्या 'जी'ची गोष्ट सांगितली. रेग्नमची, राजाची आणि लगामाचीही. त्याने मधे एकदा गाडी बाजूला घेतली, कारण एक बाई हंडा घेऊन हात करत होती. तिचा हंडा भरून दिला आणि परत येऊन म्हणाला, "हां, मग काय झालं त्या जीचं?" उशिरा का होईना, तेवढा एक तास मी नीट घेतला.

शिकवणाऱ्या सर्वांना, आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांनाही, एवढंच सांगणं आहे. मुलाने सारख्या उच्चाराचा भलताच शब्द लिहिला तर वही उंच धरू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्या शब्दाचं गाव विचारा. कारण त्याचे कान शाबूत आहेत, हेच त्या चुकीने सांगितलेलं असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)